आप्पांच्या फोटोला हार

टीव्हीवर विनोदी मालिका लिहिणाऱ्या वत्सला घैसासांना वाहिनीच्या साहेबांनी हुकूम सोडला, "मालिकेतले आप्पा आता फार म्हातारे दिसतात. पुढच्या भागात त्यांच्या फोटोला हार दिसला पाहिजे!"

आप्पा साकारणाऱ्या सदूभाऊ पेडणेकरांचं पोट त्याच कामावर चालत होतं. वत्सलाबाईंनी मुकाट्याने भाग लिहिला.

पडद्यावर हार घातलेला फोटो दिसला. शेजारीण हंबरडा फोडणार, तोच आप्पा पेढे घेऊन आले. "रडता काय? पोहण्याच्या स्पर्धेत पहिला आलोय!"

घरोघरी हशा पिकला. साहेब मात्र कडाडले, "मी आप्पांना मारायला सांगितलं होतं!"

"नाही साहेब, तुम्ही हार घालायला सांगितलंत. आपल्याकडे तो जिंकणाऱ्यालाही घालतात."

साहेब रागवायला गेले आणि खो-खो हसत सुटले. सदूभाऊंचं काम राहिलं.