न घेतलेल्या गाडीचे तीन हप्ते

एकदा एक गृहस्थ आपल्या वृद्ध शिक्षकांकडे सल्ला विचारायला गेला. विचारायला कसला, होकार घ्यायलाच गेला होता. आपण सगळे असेच सल्ले विचारतो. गाव सांगली, गृहस्थाचे नाव सुकुमार, आणि चौगुले सरांनी त्याला शाळेत गणित शिकवलेले.

सुकुमारला गाडी घ्यायची होती. छोटी नव्हे, चांगली लांबलचक, मागे डिकी असलेली. कारण उघड होते. साडूने दिवाळीत तशीच घेतली होती, आणि सासुरवाडीच्या अंगणात ती उभी राहिल्यापासून सुकुमारची स्कूटर भिंतीआड लागत होती.

त्याने सरांपुढे कागद ठेवला. पगार बहात्तर हजार, गाडी बारा लाखांची, तीन लाख आधी भरायचे, हप्ता एकोणीस हजार. "सर, बसतंय सगळं. तुम्ही एकदा नजर टाका."

सरांनी कागद शांतपणे वाचला. पेट्रोल आणि विम्याचे पाच हजार वर मिळवून ते म्हणाले, "गणित बरोबर आहे. आता एक कर. तीन महिने दर एक तारखेला हे चोवीस हजार मला आणून दे."

"तुम्हाला? कशासाठी?"

"ते शेवटी सांगतो."

सुकुमार चक्रावला. म्हातारपणी सरांना पैशाचा मोह झाला की काय, असेही क्षणभर त्याच्या मनात आले. पण शिक्षकांची आज्ञा मोडवेना. पहिल्या महिन्यात त्याने पैसे ऐटीत नेऊन दिले. दुसऱ्या महिन्यात मुलीचा पोहण्याचा क्लास "पुढच्या उन्हाळ्यात बघू" म्हणून थांबवला आणि सरांना तसे सांगत पैसे दिले. तिसऱ्या महिन्यात तो पाकीट ठेवून लगेच निघायच्या बेतात होता.

"बस," सर म्हणाले आणि मोजू लागले. वरच्या नोटा कोऱ्या करकरीत होत्या. खालच्या चौघडी घातलेल्या, वापरून मऊ झालेल्या. सरांचे बोट तिथे थांबले.

"या बँकेतल्या दिसत नाहीत, सुकुमार."

सुकुमारचे कान तापले. "बायकोच्या, पद्मजाच्या भिशीचे आहेत, सर. तिचा नंबर लागला होता. मला अकरा हजार कमी पडत होते."

"तिला विचारलंस?"

"परत ठेवणारच होतो."

"ती कशासाठी ठेवून होती?"

खोटे बोलावे असे त्याला वाटले, पण समोर सर होते. "दाढेसाठी," तो कसाबसा म्हणाला. "चार महिने झाले, एकाच बाजूने जेवते. तिनं मला सांगितलं होतं." आणि त्याला फार लाज वाटली.

सरांनी तिन्ही महिन्यांची पाकिटे त्याच्या हाती दिली. "अरे, कागदावर कुणाची दाढ दुखत नाही, म्हणून तर तुझं गणित बरोबर आलं. हप्ता कुणीतरी भरतंच. तो कोण भरतंय, हे तुझं तुला दिसावं एवढ्यासाठी मी पैसे मागितले. गाडी वाईट नाही, हौसही वाईट नाही. पण पोरीचं पोहणं आणि बायकोचा घास घालवून येणारी गाडी अजून तुला परवडत नाही, बाळा."

सुकुमार घरी आला. पद्मजा भाजी निवडत होती. त्याने भिशीचे अकरा हजार तिच्यापुढे ठेवले आणि काही न लपवता सगळे सांगितले.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला गाडीची केवढी हौस होती! म्हटलं, दाढ काय, थांबेल अजून."

ती रागावली असती तर बरे झाले असते. सुकुमारला तिच्याकडे वर बघवेना. खालमानेने त्याने दातांच्या डॉक्टरांचा नंबर शोधला, दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली आणि सांगितले, "मीही येतोय बरोबर."

गाडीचा हिशेब आपण सगळेच मांडतो. मांडताना एकदा घरातल्यांच्या ताटांकडे बघावे. हे लिहिण्यापूर्वी मी बघून आलो, आणि मान माझीही खाली गेली.