बिनकातरीची वाकळ

घाटाची उतरण जिथे सुरू होते, तिथे डोंगराच्या बेचक्यात सावरघळ नावाचे गाव आहे. पलीकडे सगळे कोकण, अलीकडे सगळा देश, आणि मध्ये हे चाळीस उंबऱ्यांचे गाव. त्याचे भाग्य असे की रानोबा महाराजांनी आपली अखेरची अठरा वर्षे इथे काढली. मठ नाही, गादी नाही. ओढ्याकाठच्या करंजाखाली गवताने शाकारलेली एक खोप, तिच्यात एक तांब्या आणि चिपळ्यांची जोडी. कुणी घोंगडी दिली तर संध्याकाळपर्यंत ती कुठल्यातरी वाटसराच्या खांद्यावर गेलेली असे. लोक विचारत, महाराज, थंडीला अंगावर काय? महाराज म्हणत, "कातडं आहे की. देवानं दिलेलं, अजून फाटलं नाही."

अशा महाराजांनी एकदा आपण होऊन एक वाकळ मागितली. ती कुणाजवळ मागितली आणि पडली कुणाच्या अंगावर, तेवढेच आज सांगायचे आहे.

गावात ठकूबाई नावाची एका पाथरवटाची बायको होती. बायको म्हणावी की विधवा, हे गावाला बारा वर्षांत ठरवता आले नव्हते. तिचा नवरा शिदू सोबत्यांबरोबर तुंगभद्रेकडे देवळाच्या कामाला गेला, आणि सोबती परतले ते त्याच्याविना. वाटेत शिदूला देवी आल्या, अंगभर फोड उठले. सोबती भ्याले, त्याला एका धर्मशाळेच्या ओसरीवर ठेवून पुढे निघाले. चार महिन्यांनी कुणी चौकशी केली तर ओसरी रिकामी. मेला म्हणावे तर मढे कुणी पाहिले नाही, आहे म्हणावे तर सांगावा नाही.

ठकूबाई मात्र कपाळावर कुंकू रेखीत राहिली.

शिदूच्या पाच पैरणी घरी होत्या. एक लग्नातली, हळदीचे डाग अजून न गेलेली. एक खांद्याला विरलेली, दगड वाहून वाहून. एकीच्या छातीवर टाकीच्या ठिणगीने पडलेले तिळाएवढे भोक. दरवर्षी दिवाळी झाली की ठकूबाई त्या ओढ्यावर धुई, दारातल्या काठीवर वाळत घाली आणि निरगुडीचा पाला घालून वेताच्या पेटाऱ्यात ठेवून देई. वाळत घातल्या की वारा आत शिरे, बाह्या भरून येत, आणि जात्यावर बसलेल्या ठकूबाईच्या ओठी ओवी येई:

पैरण धुतली बाई, वाळत घातली दारी
वाऱ्यानं फुगली गं, जसं माणूस आलं घरी.

तिची थोरली जाऊ गोजराबाई. घरात तिचा शब्द चाले, आणि सुई चाले ती तर सगळ्या खोऱ्यात. तिची वाकळ म्हणजे सारवल्या भिंतीवरून मुंग्या ओळीने निघाव्यात तसा टाका. ठकूबाईचा टाका चालता चालता उजवीकडे कलायचा, कितीही सावरला तरी. गोजराबाई चार बायकांत म्हणायची, "ठके, तुझा टाका ताडी पिऊन निघतो का गं?" बायका हसत. ठकूबाईही हसे, दुसरे काय करणार!

पण गोजराबाईच्या मनात नुसता टाका सलत नव्हता. तिची लेक लग्नाची झाली होती आणि येईल तो सोयरा विचारी, मुलीचा चुलता आहे की गेला? धड सुतक फिटलेले नाही अशा घरात सोयरीक कोण करणार? बारा वर्षे माणसाचा ठाव लागला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गोजराबाईने नवऱ्याच्या, केरोबाच्या, मागे लागून जोशीबुवांकडून दिवस काढून आणला. पौष अमावास्या. त्या दिवशी ओढ्यावर शिदूचा पुतळा जळणार, आणि ठकूबाईचे कुंकू पुसले जाणार.

ठकूबाई धाकटी जाऊ. तिला विचारतो कोण? ती महाराजांच्या खोपीपुढे जाऊन बसली. तुळशीचे लग्न नुकतेच झाले होते, वारा बोचू लागला होता. महाराजांनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले,

"ठकूबाई, मला एक वाकळ शिवून दे. शिदूच्या पैरणींची."

आमच्या डोंगरात एक चाल आहे, ती इथे सांगायला हवी. माणूस गेले की वर्षाने त्याच्या कपड्यांना कातर लावतात, तुकडे जोडून वाकळ शिवतात आणि घरातली माणसे ती पांघरतात. पण जित्या माणसाच्या कापडाला कातर लावीत नाहीत. त्याच्या आयुष्याला चीर पडते म्हणतात. पैरणींची वाकळ कर म्हणणे म्हणजे तुझा माणूस गेला असे सांगणेच. सारा गाव म्हणत होता तेव्हा ठकूबाईला एवढे लागले नव्हते. आता तिचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला. म्हणाली, "महाराज, तुम्हीसुद्धा?"

महाराज म्हणाले, "थंडी फार आहे, माय. लवकर शीव."

ओढ्यावर धुणे धूत असलेल्या गोजराबाईने हे ऐकले, आणि दिवस मावळायच्या आत गावाने ऐकले. बघा, महाराजांनीच सांगितले, आता तरी हिचे डोळे उघडतील. केरोबा मान खाली घालून बसला. धाकट्या भावावर त्याचा जीव होता, पण बायकोपुढे तो कधी बोलला नव्हता.

तीन दिवस ठकूबाईने पेटाऱ्याला हात लावला नाही. महाराजांचा शब्द मोडावा, तर देव मोडल्यासारखे. पाळावा, तर आपल्याच हाताने आपल्या माणसाला मारल्यासारखे. चौथ्या दिवशी तिने पेटारा अंगणात आणला, पैरणी मांडीवर घेतल्या, शेजारी कातर ठेवली. हात कातरीकडे जाई आणि माघारी येई. ती नुसतीच एका बाहीवरून बोट फिरवीत राहिली. बोट शिवणीवरून जाता जाता एका सुटलेल्या दोऱ्यात अडकले. तिने सहज ओढला. दोरा सरसर निघाला, दोन बोटे शिवण उकलली, आणि कापड जसेच्या तसे, अभंग, हातात आले.

ठकूबाई थबकली. महाराजांनी वाकळ मागितली होती. कातर लाव असे कुठे म्हणाले होते?

तिने उठून कातर आढ्यात खोचून टाकली, कुंपणाच्या बाभळीचा एक लांब काटा मोडून आणला आणि उसवायला बसली. कापणे घटकेचे काम, उसवणे दिवसांचे. पाठ वेगळी झाली, बाह्या वेगळ्या झाल्या, काखेतले चौकोनी तुकडे सुटले. शिवणीच्या आतल्या घडीतून काहीतरी पांढुरके तिच्या मांडीवर सांडले. तिने चिमटीत धरून पाहिले. दगडाची भुकटी होती ती. बारा वर्षांच्या धुण्यालाही शिवणीच्या पोटातली भुकटी गवसली नव्हती. शिदू संध्याकाळी घरी येई तेव्हा त्याच्या भुवयांवर हीच भुकटी असायची. तो उंबऱ्यात उभा राहून झटकायचा आणि ती ओरडायची, आत्ताच सारवलंय. ठकूबाईने ती चिमूट कपाळाला लावली आणि पदरात तोंड घालून पोटभर रडली. मग पुन्हा काटा उचलला.

शिवण उसविते, काट्यानं हळू हळू
धनी माझा दूरदेशी, दोऱ्या तू नको तुटू.

आत घालायला तिने स्वतःची दोन जुनी लुगडी घेतली, वर त्याच्या पैरणींचे अखंड पट. बाह्या कशा बसवाव्यात कळेना, म्हणून तिने त्या दोन्ही बाजूंना पसरून लावल्या. गोजराबाई बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वाकळ म्हणायची की शेतातलं बुजगावणं? दोन हात पसरून निजलाय जणू माझा दीर!" ठकूबाई मान वर न करता म्हणाली, "निजू द्या की मग, अक्का. दमले असतील."

गोजराबाई आल्या पावली निघून गेली.

दत्तजयंतीच्या दिवशी दुपारी ठकूबाईने वाकळ महाराजांच्या हाती दिली. महाराजांनी ती उलगडली, प्रत्येक शिवणीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "कातर लागली नाही कुठे." एवढेच.

त्या सांजेला देवळात दत्तजन्माचा पाळणा झाला. महाराज आले नाहीत. गोजराबाई सुंठवड्याचा प्रसाद घेऊन खोपीकडे गेली आणि परत आली ती हसू दाबीतच. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिने सगळ्यांना सांगितले की महाराज उघड्या अंगाने गवतावर पडले होते, थंडीने कुडकुडत होते, आणि वाकळ खोपीत कुठेच नव्हती. आपण वाकून कोपरा न् कोपरा पाहिला. "कुणाला तरी देऊन टाकली असेल, नाहीतर ओढ्यात सोडली असेल. ताडी प्यालेला टाका संताच्या तरी अंगावर कसा ठरेल?"

ठकूबाईची घागर अर्धीच भरली होती. ती तशीच घेऊन ती खोपीकडे धावली. महाराज उन्हाला बसले होते, डोळे खोल गेलेले, जणू लांबचा प्रवास करून आलेत. शेजारी वाकळ घडी घालून ठेवलेली होती. ठकूबाईने हात लावला. ती घामाने ओलसर होती.

महाराज म्हणाले, "हिचं काम झालं, माय. आता घरी ने आणि पेटाऱ्यात ठेव. दारातलं सारवण मोडू देऊ नकोस." ठकूबाईला काही उमगले नाही. पण त्या दिवसापासून ती रोज दार सारवू लागली.

दीड महिना गेला. पौष अमावास्या उजाडली. ओढ्याच्या वाळवंटात पळसाच्या पानांचा पुतळा निजवला होता. जोशीबुवांनी मंत्र सुरू केले. केरोबाच्या हातात विस्तव होता. गोजराबाईने ठकूबाईचे मनगट धरले. बांगड्या फोडायला एक गोटा तिने आधीच उचलून आणला होता.

महाराज काठावरच्या खडकावर येऊन बसले. म्हणाले, "घाई काय आहे? ऊन पाण्यावर येऊ द्या."

गोजराबाई म्हणाली, "महाराज, बारा वर्षं थांबलो की."

"मग अजून घटकाभर थांब," महाराज म्हणाले.

संताचा शब्द मोडायची छाती कुणाची! सगळे उभे राहिले. ऊन डोंगरावरून घसरत घसरत पाण्याला टेकले, आणि तेवढ्यात ओढ्याच्या पलीकाठावरून घुंगरांचा आवाज आला. मिठाला निघालेला वंजाऱ्यांचा तांडा घाटाकडे चालला होता. बैल पाण्यात उतरले. मागच्या बैलाच्या पाठीवर हात टेकून एक माणूस चालत होता, तोंडावर देवीचे वण, डोळे मिटलेले. मध्यधारेत तो थांबला. पाण्याचा आवाज ऐकत राहिला.

"हा सावरघळीचाच ओढा," तो म्हणाला. मग त्याला मंत्र ऐकू आले, धुराचा वास आला. त्याने हात जोडले. "कोण गेलं, बाबांनो?"

केरोबाच्या हातातला विस्तव पाण्यात पडला आणि चुरकन विझला.

महाराज म्हणाले, "कुणी गेलं नाही, शिदू. आलंय."

त्या आंधळ्याने झटकन मान वळवली. "हा आवाज! हाच तो आवाज!" आणि तो गुडघाभर पाण्यातून धडपडत काठाकडे निघाला. ठकूबाईने गोजराबाईच्या हातून मनगट सोडवून घेतले आणि पाण्यात धाव घेतली. जवळ गेली आणि उभी राहिली. त्याने हात पुढे केला, तिच्या पदराचा काठ त्याच्या बोटांना लागला. त्याने तो मुठीत धरला तो सोडलाच नाही.

काठावर बसल्यावर त्याने सांगितले. देवीत डोळे गेले. आंधळा पाथरवट घरी जाऊन बायकोच्या गळ्यातला धोंडाच होणार, आणि एव्हाना तिने आपल्याला मेलेलाच धरले असेल, म्हणून तो एका मठाच्या दारी दळण दळत राहिला. यंदा तापाने धरले. दत्तजयंतीची सांज होती, आत पाळणा चालला होता, आणि तो ओसरीवर हुडहुडत मरणाची वाट बघत पडला होता. कुणीतरी अंगावर वाकळ टाकली. कोण म्हणून विचारले तर आवाज आला, "घरचं आहे. पांघर."

"मी चाचपून बघितलं," शिदू म्हणाला. "ठिणगीचं भोक लागलं हाताला. मग खांद्याचा विरलेला भाग. माझ्याच पैरणी. आणि टाका उजवीकडे कललेला. सरळ टाका कुणाचाही असतो, गोजरावहिनी, पण हा एकीचाच. मग कडा न् कडा चाचपली. कुठंच कातर नव्हती. म्हटलं, हिच्या लेखी मी जिता आहे. मग मरून कसं चालेल? ताप उतरला. सकाळी वाकळ हाताला लागली नाही, पण मी निघालोच."

मग गोजराबाई पुढे आली. तिच्या हातातला गोटा केव्हाच गळून पडला होता. ती सगळ्यांदेखत म्हणाली,

"त्या सांजेला वाकळ खोपीत नव्हती. मीच बघितलं. मीच गावभर सांगितलं, हसत सांगितलं. महाराज उघड्या अंगानं कुडकुडत होते, आणि मला हसू आलं."

तिने वाळूत गुडघे टेकले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. म्हणाले, "गोजराबाई, खोटं एक अक्षर बोलली नाहीस तू. तू साक्ष देत होतीस, तुला ठाऊक नव्हतं इतकंच. ऊठ. तुझ्या लेकीच्या लग्नात आता चुलता मांडवात बसेल."

ती उठली आणि ठकूबाईच्या पायांशी वाकली. थोरल्या जावेने धाकटीला वाकणे आमच्याकडे कुणी पाहिले नव्हते. ठकूबाईने तिला मध्येच धरले, पण गोजराबाईने ऐकले नाही. ती पुरती वाकली, ओल्या वाळूला कपाळ टेकेपर्यंत.

ज्यांची माणसे दूर आहेत त्यांचे दार रानोबा महाराज सारवलेले ठेवोत, आणि जी दूर आहेत त्यांच्या अंगावर घरची ऊब पडो.