फक्त नेमगोंडाचं ऐकणारा ट्रॅक्टर

एका गावात एक बुटका ट्रॅक्टर होता आणि त्याचा एक मालक होता. दोघांत जास्त हट्टी कोण, यावर गावाचं एकमत होत नसे. मालकाचं नाव नेमगोंडा. त्याची तीन एकर द्राक्षबाग होती. वेलींच्या ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून त्यानं हा छोटा, जुना ट्रॅक्टर घेतला होता. इंजिन ठणठणीत होतं. खोड होती ती लिव्हरमध्ये.

गिअरची लिव्हर इतकी ढिली की दुसरा गिअर टाकायला जावं तर रिव्हर्स पडे. लिफ्टची लिव्हर वीतभर ओढली तरी मागचं अवजार ढिम्म हलत नसे, आणि मग एकदम धाडकन खाली आदळे. नेमगोंडानं या सगळ्या खोडी पाठ केल्या होत्या. गिअर टाकताना लिव्हर आधी गुडघ्यानं डावीकडे रेटायची, लिफ्ट सोडताना तिला तळहातानं दोनदा थोपटायचं. दुसरं कुणी ट्रॅक्टरवर बसलं की हा बांधावर उभा राहून मिशीत हसे. त्या माणसाची फजिती झाली की म्हणे, "त्याला माझाच हात लागतो."

त्याची बायको पद्मल माहेरीच ट्रॅक्टर शिकलेली होती. एकदा ती या ट्रॅक्टरवर बसली. लिफ्ट आदळली, ठिबकची नळी फुटली, आणि नेमगोंडानं ती गोष्ट तिखटमीठ लावून चार लोकांत सांगितली. पद्मल पुन्हा काही त्यावर चढली नाही. त्या दिवशी उतरताना मात्र ती एवढं बोलून गेली.

"अहो, जात्याचा खुंटा ढिला झाला तर आपण पाचर ठोकतो. ढिल्या खुंट्यानं दळायला शिकत न्हाई."

नेमगोंडानं ते हसण्यावारी नेलं.

पुढं बाग फुलोऱ्यात आली, आणि मांडवाची तार ओढताना स्टूल कलंडून नेमगोंडा पडला. उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला. दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं आणि बागेवर धुकं उतरलं. फुलोऱ्यात असं हवामान म्हणजे दावण्या रोगाला आवतण. दोन दिवसांत फवारणी झाली नाही, तर घड वेलीवरच कुजणार आणि वर्षाची मेहनत मातीत जाणार. गावातले सगळे ट्रॅक्टर आपापल्या बागेत गुंतलेले. चालवायला माणूस मिळत होता, दुसरं यंत्र मिळत नव्हतं.

चुलतभाऊ कुबेर आला. नेमगोंडानं त्याला गुडघ्याची युक्ती सांगितली. कुबेरनं दुसरा गिअर टाकला, तरी ट्रॅक्टर मागं धावला आणि मांडवाचा खांब वाकला. मग गावातला सगळ्यात जुना ड्रायव्हर आला. तो पाच मिनिटांत खाली उतरला आणि म्हणाला, "नेमगोंडा, हे वाहन न्हाई, कोडं हाय."

नेमगोंडा नेहमीच्या बांधावर उभा होता, पण आज त्याला हसू येईना. 'त्याला माझाच हात लागतो' हे वाक्य सवयीनं जिभेवर आलं. तेवढ्यात त्याची नजर प्लास्टरमधल्या हाताकडे गेली आणि तिथून घडांकडे. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं ज्याला आपला हुन्नर म्हणत होतो, ती नुसती दुरुस्तीची टाळाटाळ होती, हे त्याला एकदम कळलं. वाक्य गिळून तो घरी गेला.

"पद्मल," तो म्हणाला, "खोड ट्रॅक्टरची न्हाई, माझी हाय. पाचर कुठं ठोकायची ते बघूया."

पद्मलनं पदर खोचला आणि ती ट्रॅक्टरखाली आडवी झाली. नेमगोंडा डाव्या हातानं लिव्हर हलवी आणि ती एकेका सांध्यावर बोट ठेवून बघे. लिव्हरपासून आतपर्यंत जाणाऱ्या दांड्यांना पाच सांधे होते. पाचही ठिकाणी पिना झिजून कमरेत बारीक झालेल्या, भोकं लांबट झालेली. एका जागी तर पिनेऐवजी तारेचा तुकडा वळवून घातला होता, आणि तो घालणारा नेमगोंडाच होता. एकेका सांध्यात ढिलाई फक्त ज्वारीच्या दाण्याएवढी. पण पाच सांध्यांची मिळून लिव्हरच्या टोकाला ती वीतभर झाली होती.

पद्मलनं दांडे सोडवून गावातल्या दस्तगीर मिस्त्रीच्या लोखंड कातायच्या लेथवर नेले. मिस्त्रीनं भोकं गोल करून त्यांत बुश म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्या बसवल्या आणि नव्या पिना करून दिल्या. देताना म्हणाला, "वहिनी, वेळच्या वेळी ग्रीस घातलं असतं तर एवढंबी लागलं नसतं." दुपार कलायच्या आत तिनं सगळं जागच्या जागी बसवलं, नेमगोंडानं डाव्या हातानं ग्रीस घातलं, आणि पद्मल सीटवर चढली.

तिनं दुसरा गिअर टाकला आणि दुसराच पडला. लिफ्टची लिव्हर जिथं थांबवली, तिथंच मागचा फवारणीचा पंप थांबला. गुडघा नाही, थोपटणं नाही. पहिली ओळ तिनं जरा जपून घेतली. दुसऱ्या ओळीपासून ट्रॅक्टर दोरी लावल्यासारखा सरळ चालला. त्या संध्याकाळी निम्मी बाग झाली आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत उरलेली. शेवटच्या ओळीतून पद्मल बाहेर आली तेव्हा नेमगोंडाला आनंद लपवता येईना. त्यानं प्लास्टरचा हात उंच केला, आणि या वेळी तिच्या ट्रॅक्टर चालवण्याची गोष्ट चार लोकांत सांगताना त्याला तिखटमीठ लावावं लागलं नाही.

आठवड्यानं आभाळ निवळलं. बागेत एकही घड कुजलेला नव्हता. वाकलेला खांब सरळ करायला आलेला कुबेर थट्टेनं म्हणाला, "आता हा ट्रॅक्टर कुणीबी चालवंल. मग तुझं काय राहिलं?"

नेमगोंडानं मांडवाकडं बोट केलं.

"बाग राहिली."

तात्पर्य: दोषाशी जमवून घेणं म्हणजे कौशल्य नव्हे. ढिलाई दाणाभर असतानाच ती काढावी, आणि आपल्यावाचून काम अडतं याची फुशारकी मारण्यापेक्षा ते कुणावाचून अडू नये असं करावं.