पाट्याएवढा धोंडा

फार जुनी गोष्ट आहे. बर्फाच्या एका डोंगराखाली एक गाव होतं. तो डोंगर इतका आडबाजूला होता की बाहेरच्या कुणी त्याला नावही दिलं नव्हतं. गावकरी त्याला नुसतं 'वर' म्हणायचे.

त्या गावाची एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की त्याच्या जवळच्या नातलगाने वर्षाच्या आत त्याच्या नावाचा एक दगड माथ्यावरच्या राशीत नेऊन ठेवायचा. उचललेला दगड माघारी आणायचा नाही आणि वर्ष उलटल्यावर ठेवायचाही नाही. लोक शहाणे होते. ते मुठीत मावेल असा दगड निवडत.

गावात दोन भाऊ राहायचे. त्यातला थोरला तापाने गेला. धाकट्याला आईबाप आठवत नव्हते. त्याला वाढवलं होतं ते थोरल्यानेच. आता धाकटा रोज नदीकाठी दगड शोधू लागला, पण कुठलाच दगड त्याला दादाएवढा वाटेना. वर्ष संपत आलं तेव्हा त्याने एक धोंडा उचलला. चांगला पाट्याएवढा होता.

वर जाताना सोबत लागते. वाट दाखवायला म्हातारी आजी आली, बर्फात खुंट्या ठोकायला जाडा लोहार आला आणि दोर सांभाळायला मेंढपाळ आला. आजीने धोंड्याकडे पाहिलं आणि माथ्यावर चटणी वाटायचा बेत आहे का, असं विचारलं. दोघे हसले. धाकटा हसला नाही.

"दादा माझा होता," तो म्हणाला. "याला कुणी हात लावायचा नाही."

त्याने धोंडा पाठीशी बांधला. चौघांनी कमरेला एकच दोर बांधला आणि ते चढू लागले. ऊन छान पडलं होतं. मेंढपाळाला थोरल्याची एक गंमत आठवली. तो सांगू लागला, तर धाकट्याने त्याला मध्येच गप्प केलं. लोहाराने थोरल्याचं नाव काढलं, तर धाकटा चार पावलं पुढे निघून गेला. त्याला वाटायचं, ही माणसं माझं उरलंसुरलंही घेऊन जातील.

दुपारी बर्फात एक खोल भेग लागली. तिच्यावर बर्फाचाच पूल होता. आजी सावकाश पलीकडे गेली आणि एकेकाने या म्हणाली. मेंढपाळ आणि लोहार तसेच गेले. शेवटी धाकटा घाईघाईने निघाला. पूल मधोमध मोडला आणि तो धोंड्यासकट आत गेला.

दोर ताणला गेला. तिघांनी पाय रोवले. धाकटा दोन पुरुष खोल, बर्फाच्या एका अरुंद पायरीवर टेकला होता.

"जिवंत आहेस का रे?" लोहाराने वरून विचारलं. "खरं तर हा पूल मोडायचा मान माझा होता."

तिघांनी ओढून पाहिलं, पण माणूस आणि धोंडा एकदम वर येईनात. आजीने खाली वाकून सांगितलं, "बाळा, दोन्ही एका वेळी निघणार नाहीत. आधी कोण, ते तू सांग."

"आधी धोंडा," धाकटा म्हणाला.

आजीने वाद घातला नाही. दुसरा दोर खाली आला. धाकट्याने त्याला धोंडा बांधला आणि तो वर गेला. मग खाली कुडकुडत उभा असताना त्याला हातोड्याचे घाव ऐकू आले. तो ओरडला, रडला, नको नको ते बोलला. घाव थांबले तेव्हाच त्याच्यासाठी दोर आला.

वर येऊन पाहतो तर धोंड्याचे चार तुकडे झाले होते. तो लोहाराच्या अंगावर धावून गेला. लोहार जागचा हलला नाही.

"तो तुझा भाऊ होता, हे खरंच," लोहार म्हणाला. "पण माझ्या भट्टीशी शेकायला येऊन रोज थापा मारायचा तो कोण होता? भट्टी अजून तेवढीच तापते, पण मला तिथे करमत नाही. हा तुकडा माझा."

मेंढपाळाने दुसरा उचलला आणि अर्धवट राहिलेली गंमत सांगितली. एकदा तो झोपला असताना थोरल्याने मेंढीची घंटा त्याच्याच गळ्यात बांधली होती, आणि तो चुकलेली मेंढी शोधत त्या आवाजामागे अर्धा डोंगर फिरला होता.

आजीने तिसरा घेतला. "माझे गुडघे गेले, ते फक्त त्याला कळलं होतं," ती म्हणाली. "बर्फावर माझा हात धरायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचा, आजी, मला भीती वाटते, सोडू नकोस."

यातलं धाकट्याला काहीच माहीत नव्हतं. मग त्याने उरलेला तुकडा उचलला. तो तुकडाही हलका नव्हता, पण चालता येत होतं.

ऊन उतरायच्या आत चौघे माथ्यावर पोचले. चार तुकडे राशीत शेजारी शेजारी ठेवले गेले. दुसऱ्या वाटेने उतरताना धाकट्याने आपणहून सांगितलं की दादाला भाकरी कधी गोल थापता आली नाही. तो तिला डोंगराचा नकाशा म्हणून वाढायचा. लोहार इतका हसला की सगळा दोर हलला, आणि धाकट्यालाही वर्षात पहिल्यांदा हसू आलं.

पुढे गावात कुणी गेलं की नातलग एकटा दगड नेईना. गेलेल्याला ओळखणारा जो कोणी वर जाई, तो आपला एकेक दगड नेई. ती रास अजून वाढतेच आहे म्हणतात.

तात्पर्य: आपलं दुःख एकट्याचंच आहे असं मानणारा त्याच्या ओझ्याने खाली जातो; ज्यांनी ज्यांनी त्या माणसावर माया केली, त्यांना त्यांचा वाटा उचलू द्यावा.