एका धुराचं घर

घाटात रस्ता नव्हता, मोटार कुणी पाहिली नव्हती आणि निगुडवाडीच्या पठारावर नुसतं गवत डुलत होतं, तेव्हाची ही गोष्ट. गावात हैबती नावाचा गवंडी होता. त्यानं बसवलेला दगड धरणीकंपातही त्याला विचारूनच हलायचा, असं म्हणतात. पण एवढ्या गुणाच्या माणसाला एक भिंत नडली होती, आणि तीही त्याच्याच हातची. धाकट्या भावाशी, गेनूशी, बांधावरून भांडण झालं, चूल वेगळी झाली आणि हैबतीनं रागाच्या भरात घराच्या मधोमध भिंत घातली. म्हातारी आई मरेपर्यंत त्या भिंतीला टेकून बसायची, दोन्ही लेकांचा आवाज ऐकू यावा म्हणून. ती गेल्यावर हैबतीला ती भिंत डोळ्यांत सलायची. पण पाडायची म्हटलं तर हात उचलत नसे.

अशात पठारावर मॅक्रेसाहेब आला. स्कॉटलंड नावाच्या थंड मुलखातला गडी. तिथं त्याच्या बापाचं जुनं दगडी घर होतं, पण त्यांच्या रिवाजानं ते सगळं थोरल्या भावाला मिळालं. धाकटा रुसला, समुद्र ओलांडून आला आणि म्हणाला, हुबेहूब तसंच घर मी इथं बांधीन. त्यानं हैबतीला चित्र दाखवलं. कोपऱ्यांना गोल बुरूज, अरुंद खिडक्या, आत गरगर फिरत जाणारा जिना आणि छपराच्या दोन्ही टोकांच्या भिंतींवर वर चढत गेलेल्या पायऱ्या.

"ह्या पायऱ्या कुनी चढायच्या, साहेब?" हैबतीनं विचारलं.

"आमच्याकडे यांना कावळ्याच्या पायऱ्या म्हणतात," साहेब म्हणाला.

हैबतीला साहेब तिथल्या तिथं आवडला. वाडवडील घास घ्यायला येतील तेव्हा त्यांना बसायला जागा करणारा माणूस परका कसा म्हणायचा?

पण पुढचं पाहून तो चपापला. दर खोलीत एक चूल होती आणि दर चुलीला छपरावर वेगळं धुराडं. थंड मुलखात उबेसाठी भिंतीत जाळ करतात, हे त्या बापड्याला कुठून ठाऊक असणार? आपल्याकडं जितक्या चुली तितकी बिऱ्हाडं. साहेबाचं घर उभं राहण्याआधीच फुटलं, असं त्यानं धरलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

"येवढ्या चुली मांडायचं पाप माज्या हातनं व्हनार न्हाई," तो बायकोला म्हणाला.

"आन् साहेबानं चाबूक काढला म्हंजी?" ती म्हणाली.

हैबतीनं मधली वाट काढली. चुली बांधल्या, धुराडीही चित्राबरहुकूम उभारली, पण ती पोटातून बुजवलेली, नुसती शोभेची. भिंतीच्या आतून त्यानं सगळ्या चुलींची तोंडं दिवाणखान्यातल्या मोठ्या चुलीच्या धुराड्याला जोडून टाकली. घराचा धूर एक निघाला की घर फुटत नाही, अशी त्याची श्रद्धा होती.

ऐन थंडीत घर पुरं झालं आणि ते बघायला थोरला भाऊ विलायतेहून आला. आला खरा, पण दोघांत अबोला. एकानं उगवतीची माडी घेतली, दुसऱ्यानं मावळतीची, आणि तिन्हीसांजेला सगळ्या चुली एकदम पेटल्या.

मग काय विचारता! खालच्या चुलीचा धूर वर चढला तो थेट माडीवरच्या खोल्यांत शिरला. दोघे भाऊ खोकत बाहेर पळाले आणि त्या गरगर जिन्यात एकमेकांवर आदळले. अंधार, धूर आणि पायऱ्या वीतभर. एकानं दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय खाली येणं शक्यच नव्हतं. धूर नव्हता तो फक्त दिवाणखान्यात, म्हणून दोघं तिथल्या मोठ्या चुलीपुढं बसले. एका जाळापुढं बसलेल्या भावांना अबोला फार वेळ झेपत नाही. बापाच्या आठवणी निघाल्या आणि दोघांच्याही डोळ्यांना धार लागली. धुरामुळं, धुरामुळं, असं दोघंही सांगत राहिले. धूर तर केव्हाच विरला होता, असं म्हणतात.

सकाळी हैबतीला बोलावणं आलं. साहेबानं धुराचा जाब विचारला.

"साहेब, घर येक तर धूर येक," एवढंच त्याला सांगता आलं.

साहेब म्हणाला, "आणि तुझ्या घरातून किती धूर निघतात?"

हैबती तडक घरी गेला, घण उचलला आणि मधल्या भिंतीवर घातला. दोनचार घाव बसले असतील नसतील, तोच पलीकडूनही पहारीचे घाव ऐकू येऊ लागले. भिंतीला भोक पडलं, तेव्हा पलीकडं गेनू धुळीनं पांढराफटक होऊन उभा होता.

"दादा, लई पक्की घातली हुतीस," तो म्हणाला.

पुढं साहेब मायदेशी गेला, घराला कुलूप लागलं. हैबती म्हातारा होऊन गेला, तेव्हा दहाव्याला नदीवर कावळा काही केल्या शिवेना. तो पठारावरच्या घराच्या कावळ्याच्या पायरीवर जाऊन बसला होता. गेनूनं पिंड तिथं नेला तेव्हा शिवला, आणि त्या बंद घराच्या धुराड्यातून धूर निघाला, असं म्हणतात.

आता घराचं छप्पर उडालंय, बुरूज ढासळलेत. पायऱ्यांची भिंत आणि मोठी चूल तेवढी शाबूत आहे. सर्वपित्री अमावास्येला निगुडवाडीत कुणी आपली चूल पेटवत नाही. बोलणारे, न बोलणारे सगळे भाऊ शिधा घेऊन पठारावर जातात. त्या एका चुलीवर गावाचा स्वयंपाक होतो आणि पहिला घास हैबतीच्या नावानं कावळ्याच्या पायरीवर ठेवतात. त्या दिवशी घाटातून कुणी पाहिलं, तर सगळ्या निगुडवाडीचा एकच धूर दिसतो.