मरळीची पारख

फार वर्षांपूर्वी एका तळ्यात एक म्हातारी मरळ तिच्या दोन लेकींबरोबर राहत होती. माशांना फसवून पकडायला दोरीला बांधून सोडलेले लाकडी मासे तिने कितीतरी पाहिले होते. ती लेकींना सांगायची, "दोरी ओढायची थांबली की खोटा मासा वर तरंगतो, नाहीतर बुडतो. खरा मासा आहे तिथेच थांबतो. एवढं बघायचं आणि मगच तोंड उघडायचं."

काठावरच्या गेनू भोयाला हे कळायला तीन वर्षं लागली. मग त्याने आपला सर्वांत हलका लाकडी मासा निवडला, त्याच्या गळाला शिशाची तार गुंडाळली आणि तो बादलीत सोडला. मासा बुडाला. गेनूने तार थोडी कापली. मासा वर आला. दुपारपर्यंत हेच चाललं होतं.

"तू मला तरंगू देत नाहीस, बुडूही देत नाहीस," लाकडी मासा म्हणाला. "मी करायचं तरी काय?"

"काही करायचं नाही," गेनू म्हणाला.

संध्याकाळी तो मासा मरळीसमोर येऊन थांबला. तीही थांबली. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"आई, खरा आहे का गं?" धाकटीने विचारलं.

"अगदी खरा," म्हातारी म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.

दोरी ताणली गेली. वर ओढली जाताना ती म्हणाली, "पोरींनो, मी शिकवलं ते विसरा."

"मग आता काय बघायचं?" थोरलीने विचारलं.

म्हातारी सांगणारच होती, पण तोवर ती पाण्याबाहेर गेली होती.