गार भट्टीचा पहिला घाणा

खूप म्हणजे खूपच वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. मोजता मोजता सांगणाराच दमून जाईल. आणि गोष्टही दमलेल्या माणसाचीच आहे, तेव्हा जरा बसून, सावकाश ऐका.

जर्मन मुलखात, एका टेकडीच्या पायथ्याशी एक छोटंसं गाव होतं. गावाभोवती दगडी तट, तटाला सात बुरूज, आणि एका बुरुजावर करकोच्याचं घरटं. गावाला आपल्या इतिहासाचा भारी अभिमान. कुणी काही चांगलं केलं, की ते लगेच दारावरच्या तुळईत कोरून ठेवायचे. मान वर करून वाचत चाललं, तर वेशीपासून चौकापर्यंत अख्खी बखर वाचून व्हायची. मान दुखायची ती वेगळीच.

फार पूर्वी एका घरातली ठिणगी उडून अर्धं गाव जळलं होतं. तेव्हापासून नियम होता, की पाव भाजायची भट्टी कुणी घरात ठेवायची नाही. वेशीजवळ एक दगडी भट्टी होती, ती सगळ्या गावाची. दर शनिवारी ती पेटायची आणि राय नावाच्या काळपट धान्याचे मोठाले पाव प्रत्येक घर तिथं भाजून न्यायचं. तेच पाव आठवडाभर पुरवायचे.

आता यात एक गोम होती. आठवडाभरात भट्टी पार गार पडायची. जो पहिला येईल, त्याला ती तापवायला चार मोळ्या लाकूड लागायचं. मागून येणाऱ्यांचं एकेका मोळीत भागायचं. बरं, एवढं राबून पहिल्याचा पाव धड व्हावा की नाही? तर तेही नाही. गार दगडात ताप सारखा बसत नसे. पहिला घाणा खालून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा.

म्हणून जुन्या माणसांनी एक चांगली रीत घालून दिली होती. प्रत्येक घराची एक लाकडी चकती, तिच्यावर त्या घराची खूण. कुणाची कात्री, कुणाचा मासा, कुणाची किल्ली. सगळ्या चकत्या एका कातडी पिशवीत घालायच्या आणि न बघता एकेक काढायची. ज्याची चकती आधी निघेल, त्याने आधी भाजायचं. तक्रारीला जागाच नाही.

पण ती पिशवी एकतीस वर्षं भट्टीमागच्या खोलीत खिळ्याला लटकून होती. कारण पहिला घाणा कायम वाल्बुर्गाचा असायचा.

वाल्बुर्गा ही पाथरवटाची विधवा. तिच्या घराची खूण हातोडा. एकतीस वर्षांपूर्वी एका शनिवारी तिची शेजारीण ओटिलिया हिची चकती पहिली निघाली. ओटिलिया पंधरा दिवसांची बाळंतीण. वाल्बुर्गा म्हणाली, "राहू दे गं, या वेळी मी तापवते." पुढच्या शनिवारी कुणाचा तरी हात मोडला होता. त्याच्या पुढच्या शनिवारी कुणाला ताप. चौथ्या शनिवारी कुणालाच काही झालं नव्हतं, पण कोणीतरी म्हणालं, "पिशवी कशाला काढता? वाल्बुर्गामावशी तापवतेच आहे की!" झालं. तेव्हापासून ते तिचंच काम होऊन बसलं.

तिनेही ते चालवून घेतलं. तेव्हा अंगात बळ होतं, आणि घरात वाट बघणारं कुणी नव्हतं. पण माणूस कायम तसाच राहत नाही ना! आता तिची कंबर वाकली होती. गुडघे चढावर कुरकुरायचे. तोंडात दात उरले होते चार, आणि घरात पाव असायचा करपलेला. ती तो पाण्यात भिजवून खायची. शेजारच्या घरांतून चांगल्या पावाचा वास आला, की खिडकी लावून घ्यायची. तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं याची लाजही वाटायची.

शेवटी एक दिवस ती नगरप्रमुखांकडे गेली. नगरप्रमुख म्हणजे गळ्यात चांदीची साखळी घालून गावाचा कारभार बघणारे गृहस्थ.

"साहेब," ती म्हणाली, "मी दमले. ती पिशवी पुन्हा काढा. माझी चकती पहिली निघाली, तर मी नाही म्हणणार नाही. पण दर वेळी मीच का हो? आणि मरायच्या आधी एकदा, एकदाच, मला नीट भाजलेला पाव खायचाय."

नगरप्रमुखांचे डोळे पाणावले. माणूस मनाने वाईट नव्हता. "मावशी, तुमच्यासारख्यांमुळे हे गाव उभं आहे. तुमच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे. मी आजच सभा बोलावतो."

वाल्बुर्गा हलक्या पायांनी घरी गेली. कितीतरी वर्षांनी तिला दुपारी झोप लागली.

सभेने खरंच काहीतरी केलं. पुढच्या रविवारी सगळं गाव भट्टीपुढं जमलं. तुताऱ्या वाजल्या. भट्टीच्या दारावरच्या तुळईत अक्षरं कोरली गेली, 'वाल्बुर्गाने ही भट्टी एकतीस वर्षं पेटवली.' नगरप्रमुखांनी तासभर भाषण केलं आणि तिच्या डोक्यावर गव्हाच्या ओंब्यांचा मुकुट घातला. ती तासभर उभीच होती. बसायला द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

ओटिलियाने तिला मिठी मारली. "आमची मावशी म्हणजे देवमाणूस! तिच्या हाताशिवाय भट्टी पेटतच नाही!"

"पेटते गं," वाल्बुर्गा म्हणाली. "लाकडं घातली की पेटते."

पण तुताऱ्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"आणि साहेब, ती पिशवी?" तिने नगरप्रमुखांना विचारलं.

"अहो मावशी, आता कसली पिशवी?" ते हसून म्हणाले. "आता तर तुमचं नाव कोरलंय!"

बघा म्हणजे! म्हातारीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि खालून सगळे आपापल्या घरी गेले.

शनिवारी पहाटे वाल्बुर्गा पुन्हा लाकडाच्या वखारीतून मोळ्या आणायला लागली. चार मोळ्या, चार खेपा. तिसऱ्या खेपेला ती भिंतीला टेकून बसली, तेव्हा तिच्या शेजारून तीन जण 'काय मावशी, बरं आहे ना?' करत गेले. लाकडं ओली होती, काही केल्या पेटेनात. तिने इकडं तिकडं पाहिलं. ओंब्यांचा मुकुट भट्टीजवळच्या खुंटीला टांगलेला होता, छान वाळला होता. तिने तो काढला आणि लाकडांखाली सारला. भक्कन जाळ झाला. सत्काराचा तेवढाच काय तो उपयोग.

पाव नेहमीसारखाच करपला. तो फडक्यात बांधता बांधता ती ओटिलियाला म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी दहावी येणार आहे."

"या की मावशी, केव्हाही या!" ओटिलिया म्हणाली. तिचं लक्ष आपल्या पावाकडं होतं.

पुढचा शनिवार साधा नव्हता. दुसऱ्या दिवशी गावाच्या स्थापनेला तीनशे वर्षं पूर्ण होणार होती. आसपासच्या गावांचे पाहुणे यायचे होते. प्रत्येक घराने एक मोठा, कड्यासारखा गोल पाव करायचा आणि ते सगळे पाव चौकात मांडायचे, असं ठरलं होतं. तीनशे वर्षांचा इतिहास तसा पावाच्या ढिगाशिवाय सांगता आला असता. पण पाहुणे तो उपाशीपोटी ऐकणार नाहीत, हे गावाला माहीत होतं.

सकाळी बायकामाणसं आंबवलेल्या कणकेच्या परड्या घेऊन भट्टीपाशी आली. भट्टी गार. दारात राखेचा कणसुद्धा नाही.

"मावशी कुठं आहे?" एकीनं विचारलं.

मावशी येत होती. वाकून, सावकाश, काखेत कणकेची परडी आणि पाठीवर एकच मोळी. आली ती नऊ जणांच्या मागं उभी राहिली.

"मावशी, असं काय करता? पुढं या ना," नगरप्रमुख म्हणाले. तेही परडी घेऊन आले होते.

"मी दहावी," वाल्बुर्गा म्हणाली. ती रागावलेली नव्हती. रागवायलाही बळ लागतं. "मी सांगितलं होतं."

मग सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कल्हईवाला म्हणाला, त्याने एकच मोळी आणली आहे. ओटिलिया म्हणाली, तिची पाठ धरली आहे. नगरप्रमुख म्हणाले, त्यांनी पेटवायला हरकत नव्हती, पण साखळीला काजळी लागेल. कुणी पुढं होईना. आणि पुढं का होत नव्हते, ते नीट ऐका. जो आज एकदा पेटवेल, त्याला पुढं एकतीस वर्षं पेटवावी लागेल, अशी प्रत्येकाला धास्ती होती. म्हणजे ते ओझं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आणि कणीक काही कुणासाठी थांबत नाही. ती फुगली, परडीच्या काठाबाहेर आली. दुपार झाली तशी मध्ये खचली, आंबूस वास सुटला. मग भट्टी पेटवूनही उपयोग नव्हता. सगळ्या गावाचं पीठ वाया गेलं. वाल्बुर्गाचंही गेलं. तिने परडी उचलली, घरी जाऊन भरड्याची पेज केली आणि ती पिऊन झोपली.

रविवारी पाहुणे आले. त्यांना उकडलेले सलगम वाढले. पाहुण्यांनी चौकातल्या तुळया वाचल्या, भट्टीच्या दारावरची अक्षरंही वाचली, आणि एक पाहुणी सहज म्हणाली, "एकतीस वर्षं ही एकटीच पेटवते? मग बाकीचे काय करतात?"

नगरप्रमुखांनी मान खाली घातली.

त्या आठवड्यात गावाने पाव पाहिला नाही. शनिवार आला, तशी ओटिलिया भट्टीमागच्या खोलीत गेली आणि धुळीने माखलेली पिशवी घेऊन आली.

"तेव्हा नंबर माझा होता," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "माझं ते बाळ आता स्वतःच्या मुलांसाठी पाव भाजतं, आणि मी तो नंबर मावशीला अजून परत केलेला नाही."

तिने पिशवी हलवली, डोळे मिटून हात घातला आणि एक चकती काढली. पाहते तो काय, चकतीवर हातोडा!

"छे, छे! ही परत टाका," नगरप्रमुख घाईघाईने म्हणाले.

"परत का?" वाल्बुर्गा म्हणाली. "निघाली ती निघाली. कणीक आणलीये मी."

आणि ती वखारीकडं वळली. गुडघे तेच होते, चढ तोच होता. पण एकतीस वर्षं ही भट्टी तिच्या गळ्यात पडलेली होती. आज ती नुसती तिच्या वाट्याला आली होती. तिला स्वतःलाच नवल वाटलं, की पाय एवढे जड का पडत नाहीत.

तिने मागं पाहिलं. एक मोळी ओटिलियाने उचलली होती. दुसरी कल्हईवाल्याने. तिसरीसाठी नगरप्रमुखांनी साखळी काढून खिशात घातली आणि उचलताना बोटात कुसळ भरून घेतलं. चौथी मात्र वाल्बुर्गाने कुणाला दिली नाही. कुणी भाषण केलं नाही. तुतारीही वाजली नाही.

त्या दिवशी तिचा पाव करपलाच. पहिला घाणा तो पहिलाच घाणा.

पण पुढच्या शनिवारी हातोडा नववा निघाला. भट्टी रसरसून तापलेली होती. वाल्बुर्गाने पाव आत सरकवला, आणि वेळ झाल्यावर बाहेर काढला. तळाला बोटाने टकटक करून पाहिलं, चांगला पोकळ आवाज आला. पाव गार होईपर्यंतही तिला दम निघाला नाही. तिथंच पायरीवर बसून तिने तो मोडला. वरून खरपूस, आतून मऊ. चार दातांनी सुद्धा चावता आला. ती बराच वेळ नुसतीच खात राहिली.

"कसा झालाय मावशी?" ओटिलियाने विचारलं.

"मीठ कमी आहे," वाल्बुर्गा म्हणाली.

"अगं बाई! आज विसरलात?"

"आज नाही गं. एकतीस वर्षं कमीच पडत असणार." ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "करपलेल्यात कळायचंच नाही कधी."

तुळईवरची ती अक्षरं कुणी पुसली नाहीत. फक्त त्यांच्या बरोबर खाली एक खिळा ठोकला, आणि कातडी पिशवी त्याला टांगली. येता जाता सगळ्यांना दिसेल अशी. त्या गावात पुढं बरेच सत्कार झाले. पण आधी मोळी उचलायची आणि मग टाळ्या वाजवायच्या, असा रिवाज पडला.

म्हणून लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: कौतुकाने कुणाचं ओझं हलकं होत नाही, ते हलकं होतं वाटून घेतल्याने.